बोकड्या पडलेलं झाड

“उपटायला हात लावशील तर बघ!” हौसाबाई नातीवर कडाडल्या. बियाण्यासाठी राखलेल्या मिरचीच्या झाडांपैकी एकावर बोकड्या रोग पडला होता, पानं आक्रसून वाटीसारखी वळली होती. हौसाबाई आठवडाभर त्याला शेणकाला पाजत होत्या आणि वर शिव्याही घालत होत्या, “खातंय गाडाभर अन् फळ एक नाही. कामचुकार मेलं!”

“कामचुकार नाही गं आजी,” शेतकी कॉलेजात शिकणारी मयुरी म्हणाली. “विषाणू पेशीत घुसून तिथले हुकूमच बदलतो. झाड राबतंय, पण पानंफुलं सोडून त्या विषाणूचीच पिलावळ घडवतंय. तुझा शेणकालाही त्यालाच पोसतोय. ती पिलावळ पांढरी माशी उरलेल्या झाडांवर नेईल, मग पुढच्या साली बी कुठलं?”

तीस वर्षं जपलेलं वाण होतं. हौसाबाई खाली बसल्या. वळलेल्या पानांवरून त्यांचा हात फिरत राहिला. “राबत होतीस होय गं? अन् मी तुलाच बोलत बसले.”

माशी उडू नये म्हणून त्यांनी झाडावर पोतं घातलं, बुंधा दोन्ही हातांनी धरला. “चल बाई, पुरे झाली परक्याची चाकरी,” म्हणत त्यांनी ते मुळासकट उपटलं.