मिसळवाल्याची सोयरीक

ओझरच्या कारखान्याच्या गेटासमोर निवृत्तीची मिसळीची मॅटाडोर उभी राहायची आणि तिच्या जोरावर त्याने ब्याऐंशी साली पंचवटीत दोन खोल्या बांधल्या. तरी मुलीसाठी स्थळ बघताना मध्यस्थाने ‘वडील कारखान्यात आहेत’ असं ठोकून दिलं होतं, कारण मिसळवाल्याकडे नोकरदार माणसं फक्त खायला येतात, सोयरीक जुळवायला नाही.

पाहुणे आले आणि निवृत्तीला घाम फुटला. मुलाचे वडील म्हणजे कारखान्यातले खैरनार हेडक्लार्क निघाले, रोज गाडीशी उभं राहून दोनदा तर्री मागणारे. त्यांनीही निवृत्तीला ओळखलं. लग्न जमण्याआधीच मोडलं, असं धरून निवृत्ती खाली बघत बसला.

तेवढ्यात खैरनारांच्या पत्नीने नवऱ्यापुढची पोह्यांची बशी उचलली. “यांना मिरची नको हं. डॉक्टरांनी बंद केलीय. दोन वर्षं झाली, शिवले नाहीत. विचारा हवं तर.”

निवृत्तीने मान वर केली. खैरनार घाईघाईने म्हणाले, “विचारायचं काय त्यात? मुलगी पसंत आहे आम्हाला.”


मुलगी अजून आत चहा गाळत होती.