हातभर लांब केस

"किती महिने झाले?" नर्सने हळूच विचारलं आणि मथुराचं डोकं सणकलं.

"तेरा वर्षांची आहे हो ती! पोटात गोळा लागतोय, खाल्लेलं ठरत नाही, तापाने फणफणलीय. आधी तपासा तरी."

हा तिसरा दवाखाना. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, तीच लघवीची तपासणी. काही निघालं नाही, की गॅसच्या गोळ्या. पोट नीट दाबून कुणी बघितलं नाही. मिरकरवाड्यातल्या बायका तर तोंडावर म्हणाल्या, "सख्खी आई असती, तर पोरीवर नजर ठेवली असती गो."

सख्खी आई जाऊन तीन वर्षं झाली होती. नवरा, संदेश, कायम मासेमारीच्या बोटीवर. लग्न करून आल्यापासून घर नव्याने लावलं ते मथुराने, सानवीची आजारपणं काढली ती मथुराने. आणि बोलही तिलाच!

दुपारी सानवीचं पोट लाकडासारखं टणक झालं. तिला धावतपळत ऑपरेशनला नेलं.

सर्जन बाहेर आले ते ट्रे घेऊनच. त्यात काळा, बुळबुळीत, मुठीहून मोठा गोळा. नुसते केस.

"केस पचत नाहीत. जठराला भोक पडून पोटात पू झाला होता. वाचली, हे नशीब. मुलगी केस खाते, हे घरात कुणालाच दिसलं नाही?"

"तिचं डोकं बघा आधी!" मथुरा कडाडली. "बॉबकट आहे, पहिल्यापासून. हे हातभर लांब केस तिचे कुठले? माझे म्हणाल, तर माझे कुरळे."

मथुराची खात्री पटली. कुणीतरी पोरीला खायला घातलं होतं. त्या बोलघेवड्या बायकांपैकीच कुणीतरी. नाव कळू दे, पोलिसांतच खेचते!

दुसऱ्या दिवशी सानवी बोलायला लागली. मथुराने तिचा हात हातात घेतला.

"घाबरू नको, बाय. कुणी खायला घातले केस? नाव सांग."

"कुणी नाही. मीच गिळले, थोडे थोडे. आईची वेणी होती. कॅन्सरच्या औषधांनी केस जाणार, म्हणून तिने आधीच कापून ठेवलेली."

"पण गिळलीस कशाला गो?"

सानवीने हात सोडवून घेतला.

"मावशी, तू आईच्या साड्या टाकल्यास, फोटोसुद्धा टाकलेस. पोटातलं तुला टाकता आलं नसतं."