बाबांचा होकार

दहाव्याचा पिंड मांडून अर्धा तास झाला, तरी कावळा शिवत नव्हता. वसुधाच्या पिशवीतला बाबांचा फोन मात्र पुन्हा बोलला, ‘मालकांनी मायक्रोफोनला परवानगी दिली आहे.’

“बंद कर की तो,” काका वैतागले.

“होत नाही, काका. त्यालाही मालकाचा होकार लागतो. मालक गेला की फोनच त्याच्या सवयीवरून होकार देतो म्हणे.”

“दादा आणि होकार? जन्मभर ‘नाही’च दाबत आला तो.”

वसुधालाही तेच खात होतं. ज्या माणसानं घरचं बोलताना फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, त्याच्याकडून फोन ‘हो’ म्हणायला शिकला कधी?

“त्याच्या मनात काही राहिलं असेल, तर शब्द दे,” काका म्हणाले.

तिनं हात जोडले. “बाबा, तुमच्या नावानं कुणाला हो म्हणू देणार नाही. घरी गेल्यावर हा फोन फोडते.”

कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. काकांनी डोळे पुसले.

तेवढ्यात वसुधाच्या स्वतःच्या फोनवर अक्षरं उमटली : ‘आपले बोलणे ऐकण्यास कुटुंबप्रमुखांनी (बाबा) आपल्या वतीने होकार दिला आहे.’