घाटावरचे आणि घाटाखालचे

रस्त्यावर कोसळलेल्या दरडीपाशी घाटाखालच्या स्वयंसेवकांची रुग्णवाहिका अडली. आत भिवाकाका छाती धरून कण्हत होते, आणि हॉस्पिटल दरडीपलीकडे.

"ताई, वरच्या पथकाला फोन लावा," ड्रायव्हर म्हणाला. मंदाकिनीच्या जिवावर आलं. जत्रेत पेशंट कुणी न्यायचा यावरून तिने त्या पथकाच्या तात्या शेलारांना चारचौघांत झापलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. तिने मुकाट्याने फोन लावला.

चिखल तुडवत दोन्ही पथकांनी स्ट्रेचर हातोहात पलीकडे नेलं. वरची गाडी दार उघडून उभीच होती. "यांचं दुखणं तुला ठाऊक आहे, तू आमच्या गाडीत बस," तात्या म्हणाले. "तुझ्या जागी मी खाली थांबतो."

दुपारी भिवाकाकांनी नर्सकडे चहा मागितला, तेव्हा कुठे मंदाकिनीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, तात्या आपली औषधांची पेटी उपसून बसलेत. बँडेज नीट गुंडाळत नाही म्हणून तुम्हाला शिव्या घालतायत."

"घालू देत," ती हसून म्हणाली. "पण जेवल्याशिवाय सोडू नकोस त्यांना."