वाय ड्राइव्हवरचा लाल दिवा

ड्राइव्हवर लाल दिवा.

हिमायतनगरहून निघालेली एक मोटारसायकल.

डब्यात दोघांपुरती थालीपिठं.

साबणानंही न गेलेलं बोटांवरचं ग्रीस.

यादगिरी सेठ जुन्या मिलिंग मशीनला टेकून उभे होते. "आज नहीं चली तो भंगार में देतूं, भगवंतराव. हर महीने का नाटक नक्को."

मशीन चालवणारे भगवंतराव जागचे हलले नाहीत. टेबल सरकवणाऱ्या वाय मोटरमागच्या प्लगचं कडं अकराच्या सुमाराला त्यांनीच सैल केलं होतं, नेहमीसारखं. नेहमी सेठ फक्त मेकॅनिकला फोन करत आणि निघून जात. आज ते उभेच होते. त्यांच्या देखत कडं आवळायचं कसं?

मेकॅनिक पराग मोटारसायकल लावून आत आला. आल्या आल्या मोटरींना वीज देणाऱ्या ड्राइव्हचं कॅबिनेट उघडून बसला.

"केबल बघ ना आधी," भगवंतराव म्हणाले.

"काका, घाई नक्को. एक्सचा ड्राइव्ह वायला लावून बघतो. ड्राइव्ह बिघडला असेल तर दिवा त्याच्याबरोबर एक्सकडे जाईल." मेन स्विच पाडत त्यानं विचारलं, "बोला, आज भाजी काय केली?"

एरवी या गप्पांसाठीच भगवंतराव थांबलेले असत. त्यांच्याशी मराठी बोलणारं कारखान्यात कुणी नव्हतं, घरी तर कुणीच नव्हतं. आज ते सेठकडेच बघत राहिले.

अदलाबदल झाली. दिवा वायवरच लागला.

"मोटर जली क्या?" सेठनी फोन काढला. "भंगारवाले को बुलातूं."

पराग मशीनच्या मागं वाकला. कड्यावरच्या काळ्या थरात बोटांचे ठसे होते, ताजे. त्यानं वळून भगवंतरावांच्या ग्रीसच्या बोटांकडे पाहिलं.

"कुछ नहीं सेठ. हिल हिल के ढीला हुआ."

त्यानं कडं आवळलं. दिवा हिरवा झाला, टेबल सरकलं. सेठ फोन खिशात घालून गेले.

दोघं डबा उघडून बसले. पराग थालीपिठांकडे बघत राहिला.

"मशीन अकराला बंद पडलं, काका. दोघांचा डबा तर सकाळीच भरला असेल."

भगवंतरावांनी लोणचं त्याच्यापुढं सरकवलं.

पराग पोटभर जेवला. निघताना त्यानं कड्याभोवती प्लास्टिकची पट्टी ओढून बसवली, उरलेलं टोक कातरलं. "आता सुटायचं नाही हे," म्हणाला. मग गेला.

पहिल्या खेपेला आला होता तेव्हा परागनं भगवंतरावांना आपला नंबर दिला होता. कधीही फोन करा, म्हणाला होता. भगवंतरावांनी तो अजून एकदाही लावला नव्हता.