चार खांदे

बळवंतनानांच्या दारात चार एकचाकी यंत्रमानव सकाळपासून उभे होते. दोन पुढे, दोन मागे, मधे आडवा माणूस मावेल एवढी जागा. चौघेही ओझं पेलल्यासारखे कललेले, आणि ओझं मात्र कुठेच नाही.

"मयुरेश, तुमच्या कंपनीने खांदेकरी आधीच पाठवले की काय रे?"

दुरुस्तीला आलेला मयुरेश हसला नाही. "नाना, एका चाकावर ओझं आल्यावर सावरायला गेलं तर उशीर होतो. म्हणून यांना आधीच कलायला शिकवलं. पूर्वी क्षणभर आधी कलायचे. आता गॅसचं सिलिंडर यायच्या आदल्या दिवशीच कलतात."

"चुकले कधी?"

"अजून तरी नाही."

"मग उद्या आमचीच पाळी म्हणायची!"

मयुरेशने चौघांचा कल मोजून हिशोब केला. "सगळ्यांवर मिळून ब्याण्णव किलो."

नाना खदाखदा हसले. "अरे, मी ओल्या धोतरासकट पंचेचाळीस भरतो! सांग त्यांना, दार चुकलात म्हणून."

हसता हसता त्यांची नजर मयुरेशच्या सुटलेल्या पोटावर गेली आणि हसू विरलं. मयुरेश खिडकीकडे सरकला. दारातले चौघेही, मधली जागा तशीच राखून, त्याच बाजूला सरकले.

"निघतो मी, नाना."

"बस गुमान." नानांनी त्याच्या मोटारसायकलची किल्ली कनवटीला खोचली. "उद्यापर्यंत इथून हलायचं नाही. जेव पोटभर."

जेवण झाल्यावर मयुरेशने कल पुन्हा मोजला. ओझं अर्ध्या किलोने वाढलं होतं.