बाबांचा डबा

"हात नको लावूस ना ताई. नंबर लावून ठेवलेत सगळे."

थोरलीनं हात मागे घेतला. कॉलेजच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्याला हात लावायला तिला आता धाकटीची परवानगी लागत होती.

बाबा बावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात जखमा साफ करून बांधणारे ड्रेसर होते. जखमेतून जे निघेल ते धुऊन घरी आणायचे आणि चिठ्ठी बांधून डब्यात टाकायचे. गंजकी तार, तुटका गळ, वाकडा खिळा. चिठ्ठीवर तारखेखाली तीनच गोष्टी असायच्या. प्राणी, जखम आणि कोणी केलं. 'घोडा. मागचा पाय. मालक.' 'मांजर. शेपटी. शाळकरी मुलं.' 'बगळा. चोच. माहीत नाही.' अक्षर घाईचं, पण तारीख कधी चुकलेली नाही.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. शेवटचं वर्षभर त्यांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं सगळं थोरलीकडे. धाकटी कॉलेजातून यायची, सॅक कोपऱ्यात भिरकावायची आणि त्यांच्या पलंगावर मांडी ठोकून बसायची. मग सुरू व्हायचं दोघांचं. कुठल्या घोड्यानं बाबांना लाथ घातली, कुठल्या माकडानं डॉक्टरांचा चष्मा पळवला. स्वयंपाकघरात सूप गाळता गाळता थोरली ते हसणं ऐकायची. ती वाटी घेऊन आत आली की बाबा गप्प व्हायचे. "दमलीस ना गं?" एवढंच विचारायचे. दमलेल्या माणसाला कुणी गमती सांगत नसावं.

डबाही धाकटीलाच मिळाला. "तुझ्या त्या कामाला येईल," बाबा तिला म्हणाले. थोरली तेव्हा त्यांच्या पायाची नखं कापत होती.

त्या कामानं आज हॉल भरला होता. भिंतीभर पोस्टर होती. मुक्या जिवांचे हाल थांबवायचे म्हणून धाकटीनं वर्गावर्गात जाऊन मुलं गोळा केली होती. प्राचार्य पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमची बहीण का? काय वडिलांचा वारसा चालवतेय हो! भाग्यवान आहात."

"हो ना," थोरली म्हणाली. "लांबून बघायला मिळतंय, हेही काही कमी नाही."

बाईंना ते कळलं नाही.

धाकटी माइकवर होती. एकेक वस्तू उचलायची, चिठ्ठी वाचायची. प्रत्येक चिठ्ठीनंतर हॉल आणखी शांत व्हायचा. बाबांचे शब्द तिच्या तोंडी शोभत होते, हे थोरलीला सर्वांत जास्त टोचत होतं.

"आता शेवटची वस्तू," धाकटी म्हणाली. "म्हणजे खरं तर पहिली. डब्याच्या तळाशी होती. बाबा म्हणाले होते, ही बाहेर काढू नकोस. ताईला तर मुळीच दाखवू नकोस." ती थोरलीकडे वळली. "सॉरी ताई. पण लोकांच्या चुका वाचून दाखवायच्या आणि आपल्या घरची झाकायची, हे मला जमणार नाही."

थोरलीचे कान तापले. म्हणजे गुपितंसुद्धा तिलाच.

धाकटीनं चिठ्ठी वाचली. "'कुत्र्याचं पिल्लू. मान. मी स्वतः.'"

हॉलमध्ये कुजबूज झाली.

"हे त्याच्या मानेत कसं आलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पिल्लू वाढत गेलं आणि हे मानेत रुतत गेलं. वर दाट केस, त्यामुळे कुणाला दिसलंच नाही. पिल्लू गेलं. पुढच्याच महिन्यात बाबांनी गोदामातली चांगली नोकरी सोडली आणि दवाखान्यात लागले. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

तिनं वस्तू चिमट्यात धरून उंच केली. जांभळ्या रबराचं एक कडं. त्याला अडकलेला पांढरा मणी, अर्धा टवका उडालेला.

थोरली बघतच राहिली.

ती सात वर्षांची होती. मोती दोन महिनेच घरात होता, तिच्याच पायाशी झोपायचा. एका सकाळी बाबा त्याला टॉवेलात गुंडाळून बाहेर घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. "त्याची आई आली होती गं न्यायला," ते म्हणाले. मग बराच वेळ मोरीत हात धूत राहिले. थोरली दोन दिवस रडली. त्याच्या आईवर रागावली. आणि मग विसरून गेली.

"स्वतःच्या घरातलं पिल्लू!" मागून कुणीतरी म्हणालं. "आणि असा माणूस दवाखान्यात?"

थोरली उठली. रांगेतून वाट काढत टेबलापाशी गेली आणि तिनं हात पुढे केला.

"ताई, हात—"

"लावू दे." तिनं ते कडं तळहातावर घेतलं. माइक धाकटीच्याच हातात होता, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"बाबांनी नाही केलं. हे माझ्या वेणीतलं आहे."